उपवासकाळ: ताटातलं सोडता येतं, पण मनात बघायचं कसं?

अबोली_वाडी

नमस्कार मंडळी. ईस्टरआधीचा आपला ख्रिस्ती उपवासकाळ (लेंट) राखेच्या बुधवारी सुरू होतो. यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला, ईस्टर ५ एप्रिलला आहे. मी वसईत आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) नववी-दहावीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. उपवासकाळात पापनिवेदनाला (कन्फेशनला) जाण्याआधी त्यांच्याकडून आत्मपरीक्षण करून घ्यायचं असतं. कागद-पेन दिलं की पाच मिनिटांत यादी तयार होते. खोटं बोललो, आईचं ऐकलं नाही, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली, भावाला मारलं. मुलंच हसत सांगतात, "टीचर, मागच्या वर्षी पण हेच होतं." त्यांना काय बोलायचं? आपण मोठी माणसं तरी दरवर्षी निराळं काय सांगतो?

परवा एका मुलीनं सरळ विचारलं, "आत बघा आत बघा म्हणता, पण आत बघायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" पुढच्या रविवारी यावर बोलू असं मी तिला सांगितलंय.

माझं मत आधीच सांगते. या दिवसांत आपण 'काय सोडलं' यावर फार बोलतो. मटण सोडलं, दारू सोडली, मोबाइलवरच्या मालिका सोडल्या. चांगलंच आहे, मीही सोडते. पण राखेच्या बुधवारच्या शुभवर्तमानात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, दान, प्रार्थना आणि उपवास असं तिन्ही येतं आणि तिन्हींना एकच ताकीद आहे: लोकांनी बघावं म्हणून करू नका. त्याच दिवशी योएल संदेष्ट्याचं वाचन असतं, कपडे फाडू नका, अंतःकरण फाडा म्हणून. म्हणजे खरं काम आतलं आहे, आणि ते करायचं कसं हे कुणी शिकवत नाही.

तुम्ही स्वतः काय करता ते लिहा. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ख्रिस्ती नसलेले, सगळ्यांनी लिहा. पुस्तकी उत्तर नको.

पाणबुडी

आमच्याकडे बाबा चहा सोडतात. चाळीस दिवस घरातल्या बाकीच्यांचं आत्मपरीक्षण आपोआप होतं. :)

समुद्रफेस

विषय काढलात ते बरं झालं. मला सगळ्यात खटकतं ते शुक्रवारचं. मटण-चिकन बंद म्हणून त्या दिवशी घरात भरलेलं पापलेट आणि कोळंबीची खिचडी! बाजारात पापलेटाचा भाव काय आणि कोंबडीचा काय, बघा जरा. त्याग कुठे झाला यात?

मधली_आळी

समुद्रफेस, नियम सांगतो म्हणजे गोंधळ नको. १४ वर्षांपासून पुढच्यांना मांस वर्ज्य. १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षांपर्यंतच्यांना राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी उपवास, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि आणखी दोन वेळा थोडंसं. मासे चालतात. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम नव्याने लावून दिले, तेव्हा त्यांचा रोख हाच होता की नुसतं ताट बदलून भागत नाही, प्रार्थना आणि परोपकार बरोबर हवेत. तेव्हा पापलेट नियमात बसतं. मनाला बसतं का, ते ज्याचं त्यानं पाहावं.

खळं_आणि_जाळं

आम्ही वसईच्या पाचूबंदरचे. घरची बोट आहे. मासे सोडले तर आम्ही खायचं काय आणि विकायचं काय? पापलेट बाजारात जातं, आमच्या ताटात जवळा आणि सुके बोंबील येतात. शुक्रवारचा त्याग शिकवायचा तर घेणाऱ्यांना शिकवा. कोळणीशी दहा रुपयांवरून घासाघीस करून तेच मासे घेऊन क्रुसाच्या वाटेला, येशूच्या दुःखभोगाच्या प्रार्थनेला, जाऊ नका.

समुद्रफेस

दादा, पटलं. यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात नेमकं हेच आहे. उपवासाच्या दिवशी तुम्ही आपल्या कामकऱ्यांना पिळता आणि वर देवाला विचारता, आमचा उपवास तुला दिसत नाही का? भुकेल्याला भाकर द्या, बेघराला घरात घ्या, बंधनं तोडा, मला असा उपवास हवा, असं तिथे देव म्हणतो. त्यात ताटात काय असावं याचा उल्लेखही नाही.

रात्रपाळी

मी कुवेतला नर्स आहे, मूळची आगाशीची. इथे शुक्रवारी सुट्टी असते म्हणून रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी ऐकतो. यंदा रमजान आणि आपला उपवासकाळ बरोबरच सुरू झाले, त्यामुळे वॉर्डात रोजे धरणाऱ्या मैत्रिणी आणि आम्ही दोघी-तिघी, सगळ्यांचंच पोट रिकामं. :)

अबोलीताई, मी काय करते ते सांगते. ड्युटी संपवून खोलीवर आले की झोपण्याआधी वॉर्ड डोळ्यांसमोर आणते. पहिली खाट, दुसरी, तिसरी. प्रत्येक खाटेपाशी मी कशी उभी होते? कुठे मनापासून थांबले? कुठे माणूस काही विचारत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते? कुणाचं नाव न घेता नुसता खाटेचा नंबर म्हटलं? दहा आज्ञांची यादी काढून बसले असते तर यातलं काहीच सापडलं नसतं. चोरी नाही, खून नाही, व्यभिचार नाही, मग मी नीतिमानच की! खाटांवरून गेलं की कळतं. मग त्या माणसांसाठी एकेक प्रार्थना म्हणते आणि झोपते. वाईट वाटून घेत बसत नाही, कारण रात्री पुन्हा त्याच खाटांपाशी जायचं असतं.

अबोली_वाडी

रात्रपाळी, हे मी माझ्या मुलांना सांगणार. खाटांऐवजी बाक.

मधली_आळी

रात्रपाळी, तुम्ही जे करता ते लोयोलाच्या संत इग्नेशियसनी जवळजवळ तसंच लिहून ठेवलंय. माझं शिक्षण त्यांनीच स्थापलेल्या जेझुइट संघाच्या फादरांच्या शाळेत झालं, त्यामुळे ते अंगवळणी पडलंय. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

त्यांच्या पद्धतीत सुरुवात पापापासून होत नाही. आज काय मिळालं ते आठवून आभार मानण्यापासून होते. ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळंच बिघडतं. आभार मानले की दिवस दिसायला लागतो, नाहीतर फक्त आपण दिसतो. मग प्रकाश मागायचा, कारण स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःला बघितलं तर माणूस एक तर स्वतःला सोडून देतो नाहीतर झोडपतो. तिसरं, सकाळपासून तास-तास पुढे सरकत दिवस पाहायचा: कुठे काय विचार आला, काय बोललो, काय केलं. चौथं, क्षमा मागायची. पाचवं, उद्यासाठी काहीतरी ठरवायचं. एकच, पण नेमकं. 'चांगला वागेन' नाही. 'उद्या साहेबांसमोर अमक्याची टर उडवणार नाही' असं.

शिवाय त्यांनी एकाच खोडीवर लक्ष ठेवण्याची वेगळी पद्धत सांगितली आहे. दर दिवसाला दोन रेघा, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. त्या खोडीला जितक्या वेळा बळी पडलो तितके ठिपके रेघेवर द्यायचे. मग दुपारची रात्रीशी, कालची आजशी, गेल्या आठवड्याची या आठवड्याशी तुलना करायची. मी उपवासकाळात एकच खोडी निवडतो. यंदा दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं. ठिपके द्यायला लागल्यावर मी कुणाचं तोडतो तेही दिसलं. साहेबाचं कधीच नाही, बायकोचं आणि आईचं मात्र रोज.

काजवा

मधली_आळी, तुमचं लिखाण आवडलं, पण ठिपक्यांबद्दल मला बोलायलाच हवं.

काही माणसांच्या हातात ही वही देणं धोक्याचं असतं. चौदा-पंधराव्या वर्षी मला पापांचीच भीती बसली होती. कन्फेशनहून बाहेर आले की वाटायचं, ते एक नीट सांगितलं नाही, पुन्हा जायला हवं. प्रार्थनेत मन भरकटलं तर पाप, भरकटलं का याचा विचार केला तर तेही पाप. उपवासकाळ आला की मला धडकी भरायची, कारण सगळे 'आत बघा' म्हणायचे आणि मी तर बाहेर बघूच शकत नव्हते. एका वयस्कर फादरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी सांगितलं की ठरावीक काळ तू यादी करायचीच नाहीस, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला यायचं नाही, ही माझी आज्ञा समज. आईला बोलावून डॉक्टरांकडे न्यायलाही त्यांनीच सुचवलं. दोन्हींचा उपयोग झाला.

स्वतः इग्नेशियस स्पेनमधल्या मान्रेसाला असताना, १५२२ साली, याच त्रासातून गेले होते. पुन्हा पुन्हा तीच पापं सांगायची आणि समाधान नाही. जीव द्यावा इथपर्यंत विचार पोचले होते. त्यातून बाहेर आल्यावर त्यांनी जे लिहिलं त्यात अशा माणसांसाठी वेगळ्या सूचना आहेत. लोक ठिपक्यांची वही सांगतात, हा भाग सांगत नाहीत.

अबोलीताई, तुमच्या वर्गात पंचवीस मुलं असतील तर एखादं माझ्यासारखं असणारच. सगळ्यांना एकच औषध देऊ नका.

मधली_आळी

काजवा, मनापासून आभार. ठिपक्यांची पद्धत सरसकट सांगायची नाही हे मान्य. आभारांची पायरी मात्र अशा माणसांनाही चालेल ना?

काजवा

चालते. आजही मी तेवढीच करते, आणि ती रोज करते.

कृष्णाकाठ

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचतोय. एक शंका. आमच्या ऑफिसात एक जण त्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आला. शिपाई म्हणाला, "साहेब, आज कुठल्या मठात जाऊन आलात?" सगळे हसले, तोही हसला. पण वर अबोलीताई लिहितात की लोकांनी बघावं म्हणून करू नका. मग कपाळावर राख लावून हिंडायचं का?

अबोली_वाडी

कृष्णाकाठ, ही शंका मुलंही दरवर्षी काढतात. त्या वाचनात तर डोक्याला तेल लाव, तोंड धू असंच आहे. माझं उत्तर असं: राख कमाई म्हणून लावत नाहीत. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून ती करतात आणि लावताना सांगतात की तू माती आहेस, मातीला मिळशील. यात मिरवण्यासारखं काय आहे? श्रीमंताला तेच, भिकाऱ्याला तेच, बिशपांनाही तेच. काही जण घरी येऊन पुसतात, काही ठेवतात. दोन्ही चालतं.

भिंगारकर

आम्ही नगरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन ही मंडळी झाली, त्याआधी आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. आजोबा लेंट वगैरे फारसं मानत नसत. ते म्हणायचे, येशूनं चाळीस दिवस अरण्यात काढले ते आपल्यासाठी, आपण त्याची नक्कल कशाला करायची? रोज पश्चात्ताप करा की! आता आमच्याकडेही उपवास-प्रार्थना होतात, घरोघरी संध्याकाळी जमतात, पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं होतात. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात.

मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्याकडे कन्फेशनची खोली नाही. उपासनेत सगळे मिळून पापांगीकार म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, बरं आहे, कुणाला तोंड दाखवायला नको. आता वाटतं की यात पळवाट सापडते. एकट्यानं देवाला सांगितलं की काम झालं असं वाटतं, आणि आपण तर देवाशी फार गोड बोलतो. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे. तेव्हापासून माझा एक मित्र आणि मी या दिवसांत शनिवारी संध्याकाळी भुईकोट किल्ल्याच्या बाजूनं चालायला जातो. तो विचारतो, मी सांगतो. मग मी विचारतो, तो सांगतो. सल्ला द्यायचा नाही, एवढाच करार. मनातल्या मनात जे 'थोडं चिडलो' असतं ते मित्रापुढे तोंडातून बाहेर पडताना 'मी त्याला चारचौघांत लाज आणली' असं होतं. ऐकणारं कुणीतरी लागतं.

मांडवी_काठ

गोव्यातून लिहितो. इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, संपला की दुसऱ्या दिवशी राख, त्यामुळे आमच्याकडे हा बदल फार जोरात जाणवतो. तीन दिवस ढोल आणि मग एकदम शांतता.

तुम्ही सगळे एकट्यानं आत बघण्याबद्दल बोलताय. मला स्वतःला एकट्यानं बसून काही दिसत नाही. मला दिसतं ते 'सांतोस पासोस'च्या संध्याकाळी. उपवासकाळातल्या रविवारी प्रवचन होतं, पडदा सरकतो, ख्रिस्ताच्या दुःखभोगाचा एखादा देखावा समोर येतो आणि मोतेत, म्हणजे दुःखभोगाची गाणी, सुरू होतात. ते जुने संथ सूर ऐकताना माझ्या आत काहीतरी सैल होतं. गोवा वेल्हाच्या सेंट अँड्र्यू चर्चची संतांच्या मूर्तींची मिरवणूक पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी निघते, यंदा २३ मार्चला. खांद्यावरून एकामागून एक संत येतात, त्यातले कितीतरी घरदार, पैसा सोडलेले. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघताना प्रश्न आपोआप पडतो. तो कुणी कागदावर लिहून द्यावा लागत नाही.

मुलांना वर्गात बसवण्यापेक्षा एकदा तिथे घेऊन या.

पाणबुडी

येताना माझ्यासाठी एक जागा ठेवा.

मधली_आळी

मांडवी_काठ, सूर ऐकून मन सैल होतं हे खरं, पण ते घरी येईपर्यंत पुन्हा घट्ट होतं. क्रुसाच्या वाटेवर चौदा स्थानांपाशी गुडघे टेकून रडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि सोमवारी त्यांचीच दुकानं पाहिली आहेत.

मांडवी_काठ

म्हणून रडू खोटं ठरत नाही. दुकान बदलायची इच्छा व्हायलाही आधी कुठेतरी हलावं लागतं.

चिखली_ते_चेंगन्नूर

मी मराठी कॅथलिक, लग्न केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स घरात. आम्ही राहतो पिंपरी-चिंचवडला. त्यांचा उपवास पन्नास दिवसांचा, 'वलिय नोंब' म्हणतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत. समुद्रफेस, तुम्हाला आवडेल. :) त्यांच्याकडे राखेचा बुधवार नसतो, सोमवारपासून सुरुवात होते.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्या सोमवारच्या उपासनेला गेले आणि चकित झाले. तिला 'शुबक्कोनो' म्हणतात. सुरुवातच क्षमा मागण्यानं. आधी अच्चन, म्हणजे धर्मगुरू, लोकांपुढे गुडघे टेकून क्षमा मागतात. मग लोक त्यांची आणि एकमेकांची मागतात. नंतर सगळे पुन्हा पुन्हा जमिनीला कपाळ टेकवतात. सासूबाईंनी माझे हात हातात घेतले आणि मल्याळममध्ये काही म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. नवीन सून मी, आमच्यात तोवर काही फार गोड नव्हतं.

आपण कॅथलिक आत्मपरीक्षण, मग पापनिवेदन, मग प्रायश्चित्त, आणि सगळं झाल्यावर जमलं तर समोरच्याशी बोलणं, अशा क्रमानं जातो. ते पहिल्या दिवशी माणसांशी मिटवतात आणि मग पन्नास दिवस देवासमोर उभे राहतात. मला हा क्रम जास्त पटतो.

नवगावची_पणती

मी इस्रायलमधल्या अश्दोदहून वाचतेय, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजी रेवदंड्याची. तुमच्या उपवासकाळाशी आमचा संबंध नाही, पण चिखलीताईंचं वाचून राहवलं नाही.

योम किप्पूरला, आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आजी दरफळणीचा सण म्हणायची. पांढरे कपडे, कडक उपवास, पूर्वी कोकणात तर त्या दिवशी घराची दारं लावून घेत, कुणाशी व्यवहार नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दानधर्म. पण दारं लावण्याआधी लोकांकडे जाऊन यायचं असतं. मिश्नामध्ये, आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, स्पष्ट आहे: माणूस आणि देव यांच्यातली पापं त्या दिवसानं धुतली जातात, माणसामाणसातली धुतली जात नाहीत, समोरच्याचं मन वळवेपर्यंत. म्हणजे देवसुद्धा तिथे मध्ये पडत नाही.

आणखी एक. आमची पापांची जी यादी सिनेगॉगमध्ये म्हणतात ती हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं आहे आणि सगळी अनेकवचनात. 'आम्ही' केलं. मी चोरी केली नसेल, पण शेजारी उभ्या असलेल्या कुणी केली असेल, तर ती आम्ही सगळे मिळून म्हणतो. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की मी न केलेलं का म्हणू? ती म्हणाली, म्हणजे ज्यानं केलं त्याला एकट्याला म्हणावं लागणार नाही.

अबोली_वाडी

पणतीताई, आजींचं उत्तर मी वर्गात सांगू का? नाव नाही घेणार.

हे 'आम्ही' माझ्या मनात घोळतंय. आमच्या गावात बावखलं होती, पावसाचं पाणी साठायचं, विहिरी गोड राहायच्या. एकेक करत बुजवली, वर इमारती आल्या. कुणी बुजवली? प्रत्येकाकडे कारण आहे. कुणा एकाच्या यादीत ते पाप कधी येणारच नाही, कारण ते आम्ही केलंय. मुलांनी 'मी'बरोबर 'आम्ही'चाही कागद लिहायला हवा, आमच्या वर्गानं, आमच्या घरानं, आमच्या गावानं काय केलं म्हणून.

मधली_आळी

इथे मी विरोध नोंदवतो. 'आम्ही' म्हटलं की माणूस गर्दीत लपतो. समाजानं केलं, व्यवस्थेनं केलं. मिस्सेच्या सुरुवातीला आपण छाती बडवून 'माझ्या अपराधामुळे' म्हणतो, ते एकवचन मुद्दाम आहे. दुसऱ्याची बायको बळकावलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्यानं, श्रीमंतानं गरिबाची एकुलती मेंढी बळकावल्याची गोष्ट सांगितली, दाविदाला राग आला, तेव्हा नाथान 'तो माणूस तूच' म्हणाला. 'आपण सगळेच असे' म्हणाला असता तर दावीद मान डोलावून मोकळा झाला असता.

भिंगारकर

आणि प्रभूच्या प्रार्थनेत? तिथे तर 'आमच्या' अपराधांची क्षमा मागतो. एकदाही 'माझ्या' नाही.

मधली_आळी

हं. यावर विचार करतो.

तळ्याकाठी

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. वरचं 'माणसामाणसातलं' वाचून लिहिते.

वडील गेल्यावर वाडीच्या कागदांवर आम्हा बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या. हक्कसोडपत्र. आपल्याकडे असंच चालतं, बहीण सही करते, भाऊ साडी देतो. ख्रिस्ती माणसांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी समान आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी सही केली असती बहुतेक, माहेर तुटू नये म्हणून. नंतर वाडीचा भाव वाढला, तुकडा विकला गेला, आम्हाला कुणी विचारलं नाही. मी काही बोलले नाही, पण माहेरी जाणं कमी झालं.

दोन वर्षांमागे उपवासकाळात धाकटा भाऊ एकटा घरी आला. बसला नाही. म्हणाला, मी दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला जातो, मटणाला हात लावत नाही आणि यंदा कन्फेशनला गेलो तर फादरांनी विचारलं, घरात कुणाचं देणं आहे का? मला तुम्ही दोघी आठवलात. फादर म्हणाले, क्षमा आहेच, पण जे परत करता येण्यासारखं आहे ते परत करावं लागतं. येशू स्वतःहून जक्कय जकातदाराच्या घरी उतरला, तेव्हा जक्कय नुसतं चुकलं म्हणाला नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला.

भाऊ पैसे देऊ लागला, त्याच्या वाट्यातले, थोडे थोडे. मोठ्या भावाला ते पटलेलं नाही, तो आता दोघांशीही नीट बोलत नाही. म्हणजे सगळं गोड झालं असं समजू नका. पण धाकट्यानं दारात उभं राहून जे म्हटलं त्यानं माझ्या आत कितीतरी वर्षं बसलेलं काहीतरी उठून गेलं. आणि मग मलाही माझ्याकडे बघावं लागलं. मी गप्प राहिले होते त्याला मी सहनशीलता म्हणायचे. ती सहनशीलता नव्हती, राग होता, आणि तो मी माझ्या मुलांच्या मनात मामांविषयी थेंब थेंब ओतत होते.

अबोलीताई, मुलांना विचारा, घरात आपलं कुणाशी बोलणं बंद आहे? त्यांना सगळं माहीत असतं.

रात्रपाळी

तळ्याकाठी ताई, वाचून बराच वेळ बसून राहिले. मोठ्या भावासाठी या शुक्रवारी माझी प्रार्थना.

खळं_आणि_जाळं

फादरांनी योग्य प्रश्न विचारला. 'देणं' हा शब्द आमच्या बंदरावर सगळ्यांना लगेच कळतो. आमच्याकडे खलाशाचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. उपवासकाळात आधी तो चुकता करा असं प्रवचनात सांगितलं तर अर्धी बोट रडेल आणि अर्धी हसेल.

कृष्णाकाठ

इतका वेळ वाचतोय, आता मलाही एक फोन करायचा आहे हे कळलं. बाकी विचारायचं होतं ते हे की क्रुसाच्या वाटेला ख्रिस्ती नसलेला माणूस येऊ शकतो का?

अबोली_वाडी

कृष्णाकाठ, अवश्य या. कुणी अडवत नाही. शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये. कपाळावर काही लागत नाही. :)

मंडळी, रविवारच्या वर्गासाठी तुमच्याकडून घेतलेलं असं ठरवलंय. यादी नाही. आधी आभार, काजवा म्हणते तसे. मग शाळेच्या दिवसातून बाक-बाक फिरायचं, रात्रपाळीसारखं. त्यानंतर दोन प्रश्न: कुणाचं आपल्याकडे काही देणं राहिलंय, आणि घरात किंवा वर्गात कुणाशी बोलणं बंद आहे. 'आम्ही'चा कागद सगळ्यांनी मिळून फळ्यावर लिहायचा. शेवटी प्रत्येकानं एकच गोष्ट ठरवायची, पुढच्या रविवारच्या आत करता येईल अशी.

काजवा

ताई, दोन विनंत्या. कागद गोळा करू नका. आणि 'घरात कुणाशी बोलणं बंद' हा प्रश्न मोठ्यानं विचारून उत्तरं घेऊ नका, एखाद्या घरात जे चाललेलं असतं ते त्या मुलाच्या हातात नसतं. आईवडिलांचं भांडण मिटवणं हे पंधरा वर्षांच्या पोराचं प्रायश्चित्त होऊ नये.

तळ्याकाठी

काजवाचं बरोबर आहे. मी लिहिलं तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं. प्रश्न असा करा: माझं कुणाशी बोलणं बंद आहे? घराचं नको.

मधली_आळी

बघा, इथे एकवचनच लागलं. :) पण फळ्यावरचा 'आम्ही' राहू द्या. भिंगारकरांना उत्तर सापडलेलं नाही मला अजून.

अबोली_वाडी

काजवा, तळ्याकाठी, प्रश्न तुम्ही म्हणता तसा बदलला. कागद मुलांपाशीच राहतील, मी वाचणार नाही. पापनिवेदनाला कुणी किती आणि काय सांगितलं हेही विचारणार नाही. वर्ग झाल्यावर इथे लिहीन, पण मुलांचं काही नाही, फक्त फळ्यावरचं.